चार नंबरची प्रेस आणि गोदा

गोदाने चार नंबरची प्रेस थांबवली त्या दिवशी मूळ चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला ती शोधत बसायला नको.

आमचा कारखाना तमिळ मुलखात, अंबत्तूरला. मोटारींच्या सीटांना लागणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या आणि खुंट्या तिथे प्रेसवर दाबून काढतात. मी स्टोअर सांभाळायचो. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, तरी दरवर्षी एक वर्ष वाढवून देत होते. गोदा येऊन पाच वर्षं झाली असतील. ती वेस्ट मांबलमला आमच्या मागच्या रस्त्यावर राहते. घरात ती आणि तिची आई सीतालक्ष्मी. मिळवणारी ती एकटी. ती माणसं आमच्यासारखीच तंजावरची मराठी, त्यामुळे ती मला पहिल्या दिवसापासून मामा म्हणायची. कारखान्यात बाकी सगळे मला रायर, म्हणजे राव, म्हणत. सकाळी सहाला अशोक पिलरपाशी कंपनीची व्हॅन यायची आणि आम्ही दोघं तिच्यात चढायचो. व्हॅनमध्ये ती फारसं बोलत नसे. मीही बोलका नाही. म्हणून आमचं बरं जमत होतं.

गोदाचं काम सांगणं मला जरा अवघड जातं, पण सांगून बघतो. शेजारच्या बिऱ्हाडात कुणी भिंतीत खिळा ठोकला आणि आपण आपल्या बाजूने त्याच भिंतीला पाठ टेकून बसलो असलो, तर तो ठोका कानाआधी पाठीला कळतो. लोखंडाचंही तसंच आहे. प्रेसच्या आत एखादा बोल्ट चिरत चालला असेल, पत्रा कापणारा पंच बोथट झाला असेल, तर त्याची धडक लोखंडातून सगळ्या सांगाड्यात पसरते. हवेतून आपल्याला ती ऐकू येत नाही, कारण शेडमध्ये आठ प्रेस एकदम चालत असतात. गोदा प्रत्येक प्रेसच्या अंगावर रुपयाच्या नाण्याएवढा सेन्सर बसवायची. आम्ही सगळे त्याला गोदाचं बटण म्हणायचो. बटणाची वायर एका डब्यात जायची आणि डब्यावर प्रत्येक स्ट्रोकच्या, म्हणजे प्रेसच्या ठोक्याच्या, धडकेचा आकडा उमटायचा. चार नंबरचा आकडा पंचावन्न ते साठ. ऐंशीच्या वर गेला की प्रेस थांबवायची, असं ठरलेलं.

बटण रंगावर बसवून चालत नाही. गोदा तेवढ्या जागेचा रंग खरवडायची, लोखंड आरशासारखं घासायची, ग्रीसचं बोट फिरवायची आणि वरून बटणाचा स्क्रू आवळायची. तिच्याकडे दोन फडकी असत, एक तेलाचं आणि एक बटणांचं. कुणी तेलाच्या फडक्याने बटण पुसलं तर ती काही न बोलता ते फडकं त्याच्या खांद्यावर टाकून निघून जायची. बटण नीट ऐकतंय की नाही हे बघायला तिने स्वतःच एक युक्ती केली होती. वीतभर लांब नळी प्रेसच्या कडेवर उभी धरायची आणि वरून एक पोलादी गोळी सोडायची. गोळी तीच, उंची तीच, म्हणजे आकडाही तोच यायला हवा. चार नंबरला गोळीचा आकडा अठ्ठेचाळीस होता. हे आकडे तिच्या वहीत तारखेनिशी होते. प्रत्येक सुट्टीनंतर पहिल्या स्ट्रोकआधी गोळी सोडायची, हा नियमही तिचाच.

त्याच वर्षी उन्हाळ्यात, तमिळ चित्रै महिन्यात, तिने चार नंबर अर्धा दिवस थांबवली होती. आकडा नव्वदवर गेला होता. फिटरनी सगळं उघडून पाहिलं तेव्हा सांगाड्याच्या माथ्यावर कुणीतरी विसरलेला पाना सापडला. तो थरथरत होता, एवढंच. तेव्हापासून तिचं नाव ‘सिग्नल अक्का’ पडलं. ती शेडमधून जाऊ लागली की कुणीतरी म्हणायचं, “थांबा रे, लाल दिवा आला.” आमचा मॅनेजर विश्वेश हुशार मुलगा, पण त्याच्यावरही वरून दाब. त्याने तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “आणखी एकदा असं विनाकारण थांबवलंत, तर डिसेंबरात नवं पत्र मिळणार नाही.” गोदा कंत्राटावर होती. ती व्हॅनमध्ये मला हे सांगताना एवढंच म्हणाली, “पाना कोण ठेवला ते कोण विचारलं नाही, मामा.”

आता माझी गोष्ट.

आयुधपूजेला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा मी करायचो. केळीचे खुंट बांधायचे, चुरमुरे-डाळं वाटायचं, फाटकापाशी कोहळा फोडायचा आणि प्रत्येक प्रेसला चंदनाचा टिळा लावून त्यावर कुंकू. कारखाना ज्यांनी काढला त्या थोरल्या मालकांचा एक दंडक होता. टिळा लोखंडाला लागला पाहिजे, रंगाला नाही. “रंग दुकानदाराचा, काम लोखंडाचं,” असं ते म्हणायचे. ते गेले, पण मी तो दंडक मोडला नव्हता. त्या वर्षी पूजेच्या आधी सगळ्या प्रेसना नवा हिरवा रंग दिला होता. बाकी प्रेसना कुठे ना कुठे उघडं लोखंड सापडलं. चार नंबरला सापडेना. चाकावर जाळी, खाली डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, चढवलेली, बाकी सगळं हिरवं. फक्त गोदाच्या बटणाखाली तेवढं लोखंड उघडं असणार, हे मला माहीत होतं.

मी स्क्रू काढला, खालचं ग्रीस पुसलं, टिळा लावला, कुंकू लावलं, हात जोडले आणि बटण होतं तसं वर बसवून स्क्रू आवळला. चांगला घट्ट आवळला. गोदा तेव्हा फाटकापाशी कोहळा फोडताना बघायला गेली होती. तिला सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. सांगण्यासारखं काही केलं असं मला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विजयादशमीची सुट्टी. तिसऱ्या दिवशी आमची व्हॅन पोचली तेव्हा सातला दहा कमी होते आणि चार नंबर आधीच चालू होती. दुपारी चारला होसूरच्या गिऱ्हाइकाचा ट्रक भरायचा होता, म्हणून विश्वेशने लवकर सुरू करायला लावली होती. प्रेसवर अलमेलू होती. ती बारा वर्षांपासून त्या प्रेसवर आहे. डाव्या हाताने पत्रा आत ठेवायचा, हात बाहेर काढायचा, दोन्ही तळव्यांनी दोन बटणं दाबायची, ठाप, तयार तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा. मिनिटाला पाच वेळा. गोदा नळी आणि गोळी घेऊन तिथे गेली. चालू प्रेस बघितली. घड्याळाकडे बघितलं. मग दुसऱ्या प्रेसकडे गेली.

साडेनऊला मी खिळ्यांच्या पेट्या मोजत होतो तेव्हा ती स्टोअरच्या खिडकीशी आली.

“मामा, चार नंबर सत्तावीस दाखवतंय.”

“कमी म्हणजे चांगलं की,” मी म्हणालो.

“पूजेच्या आधी चौसष्ट होतं. लोखंड दोन दिवसांत तरुण होत नाही.” ती शेडकडे वळली आणि तिने जरा मोठ्याने सगळ्यांना तमिळमध्ये विचारलं, “चार नंबरच्या बटणाला कुणी हात लावला का?”

रघु फिटर हसून म्हणाला, “अक्का, सत्तावीस आलं तरी त्रास, नव्वद आलं तरी त्रास. नक्की किती आणून देऊ सांगा, रायरच्या स्टोअरमधून आणतो.”

लोक हसले. मीही त्यांच्याबरोबर हसलो असेन. माझ्या तोंडात उत्तर होतं, मी ते गिळलं. का गिळलं हे मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे. एवढ्या लोकांसमोर बोलायची मला सवय नाही, हे एक. आणि मी स्क्रू घट्ट आवळला होता, मग बिघडेल कसं, हे दुसरं. मी खाली बघून खिळ्यांच्या पेट्या मोजत राहिलो. अलमेलू पत्रा आत ठेवत राहिली.

सव्वादहाला चहाची सुट्टी झाली, शेड गप्प झालं. अलमेलू चहाला गेली. गोदाने चहा घेतला नाही. तिने चार नंबरच्या कडेवर नळी उभी धरली आणि गोळी सोडली. डब्याकडे बघितलं. पुन्हा सोडली. पुन्हा. सहा वेळा तरी सोडली असेल. मी खिडकीतून बघत होतो. मग तिने वही उघडली, पेन्सिलीने काहीतरी केलं आणि सरळ विश्वेशच्या केबिनकडे गेली. तो गिऱ्हाइकाशी फोनवर होता. ती दाराबाहेर उभी राहिली. चहाची सुट्टी संपली आणि चार नंबर पुन्हा चालू झाली. ठाप. ठाप. प्रत्येक ठापेला गोदाची मान थोडी तिकडे वळायची.

अकरा वाजून गेल्यावर विश्वेश बाहेर आला. दोघं माझ्या खिडकीपासून चार पावलांवर उभी होती. मला सगळं ऐकू आलं.

“सर, गोळी अठ्ठेचाळीस यायची, ती सोळा येते. बटण तीनातलं एकच ऐकतंय. म्हणजे हे सत्तावीस खरं तर एक्क्याऐंशी आहे.”

“एक्क्याऐंशी. म्हणजे एका आकड्याने वर.”

“हो.”

“तेही तुम्ही गुणाकार करून काढलेलं. डब्यावर नाही.”

“डबा बहिरा झालाय, सर.”

“मॅडम, चारला ट्रक आहे. साडेचारला थांबवा, हवं ते उघडा, मी स्वतः टॉर्च धरतो.”

“तोपर्यंत अलमेलूचा हात आत जात राहणार.”

“दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. तुम्हाला माहीत आहे.”

“बटण दाबल्याशिवाय येत नाही, बरोबर. वरचा बोल्ट तुटला तर दाबायची वाट बघत नाही.”

विश्वेशने घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाला, “मी थांबवा म्हणणार नाही. थांबवू नका असंही म्हणत नाही. तुमच्या सहीवर थांबवा. पण या वेळी पाना निघाला तर मी काही करू शकणार नाही.”

तो केबिनमध्ये गेला. गोदा तिथेच उभी. हातातली पोलादी गोळी ती तळव्यात फिरवत होती. मला वाटलं, आता जाऊन सांगावं. मी खुर्चीवरून उठलोही. आणि तेवढ्यात ती चालायला लागली. घाईने नाही, रोज चालते तशी. चार नंबरपाशी गेली, अलमेलूने पत्रा ठेवून हात बाहेर काढायची वाट बघितली आणि लाल बटणावर तळवा मारला.

“काय अक्का, परत?” अलमेलू ओरडली. “माझे तुकडे तू मोजून देणार का?”

“मागे हो,” गोदा म्हणाली. “आणखी मागे. त्या पिवळ्या रेघेच्या पलीकडे.”

घड्याळात अकरा वीस झाले होते. शेडमधले लोक काम टाकून बघायला लागले. कुणीतरी शिट्टी वाजवली. गोदाने मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग स्क्रू काढून बटण हातात घेतलं.

मी तोपर्यंत जवळ गेलो होतो. बटणाखाली चंदनाचा पातळ पापुद्रा सुकून पोपडा झाला होता, मधोमध कुंकवाचा ठिपका. गोदाने तो नखाने टोकरला. ते पीठ बोटावर घेऊन नाकाशी धरलं. मग तिने मान वर करून नेमकं माझ्याकडे बघितलं. कारखान्यात टिळा लावणारा एकच माणूस होता.

“मामा, तुम्ही?” आमच्या भाषेत, अगदी हळू.

मी मानेनेच हो म्हटलं.

“आता बोलू नका. टॉर्च धरा.”

तिने ते लोखंड पुन्हा घासलं, ग्रीस लावलं, बटण बसवलं. गोळी सोडली. अठ्ठेचाळीस. मग सगळ्यांना रेघेपलीकडे पाठवून तिने कुलूप काढलं, मेन चढवला आणि डायमध्ये पत्रा न ठेवता, रघुकडून चाचणीसाठी असलेल्या लांबच्या पेडलने प्रेस एकदाच चालवून घेतली. डब्यावर एकसष्ट उमटलं.

शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. एकसष्ट म्हणजे नेहमीचंच. रघु माझ्याकडे बघून खांदे उडवत होता. विश्वेश केबिनच्या दारात येऊन उभा होता. गोदाच्या वरच्या ओठावर घाम आला होता, तो तिने पुसलाही नाही.

“पत्र्याशिवाय आहे,” ती म्हणाली. “भार नाही. पत्रा ठेवून बघू.”

“पत्रा ठेवणार कोण?” रघुने विचारलं.

“मी.”

तिने मेन पाडला, कुलूप घालून किल्ली काढून घेतली, वरची डाय खाली येऊ नये म्हणून आत लोखंडी टेकण घातलं, पत्रा ठेवला, टेकण काढलं, कुलूप काढून मेन चढवला, मागे आली. पाच पावलं. मला ती पन्नास वाटली. “हं,” ती म्हणाली. रघुने पेडल दाबलं.

सत्त्याऐंशी.

“अजून एक.” पुन्हा तेच सगळं, मेन, किल्ली, टेकण, पत्रा. एक्क्याण्णव.

आता कुणी हसत नव्हतं. फिटरनी वरचं झाकण उघडलं. प्रेसचा वर-खाली होणारा जड माथा ज्या दांड्याला टांगलेला असतो त्याच्या जोडावर चार बोल्ट होते. तीन ठीक होते. चौथ्याला रघुने पाना लावला आणि अर्धा फेरा फिरवायच्या आत बोल्टचं डोकं त्याच्या हातात आलं. तुटलेल्या जागेवर अर्ध्याच्या वर भाग काळा होता, म्हणजे जुनी चीर. उरलेला चमकत होता. रघुने ते डोकं गोदाच्या हातात ठेवलं.

पण गोष्ट इथे संपली नाही. गिऱ्हाइकाला कळवावं लागणार होतं की ट्रक उशिरा का, आणि इतकी चीर जाईपर्यंत सेन्सर गप्प का. दुपारी तीनला मी नव्या बोल्टांची चिठ्ठी सहीसाठी केबिनमध्ये घेऊन गेलो. गोदा खुर्चीत बसली होती आणि विश्वेश संगणकावर टाईप करत होता. ती स्वतःच सांगत होती, “लिहा, सुट्टीनंतरची चाचणी न घेता मशीन चालू राहू दिलं. जबाबदारी माझी.”

“हे लिहिलं तर वरचे लोक तुमच्या नव्या पत्राचं काय करतील, माहीत आहे ना?” विश्वेश म्हणाला. “बोल्ट तुम्हीच पकडला, हे ते बघणार नाहीत. पहिली ओळ बघतील.”

“खरं ते लिहा.”

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. मी म्हणालो, “बटण मी काढलं होतं. टिळा लावायला.” तमिळ शब्दही मला नीट सुचत नव्हते. मी सगळं सांगितलं, थोरल्या मालकांच्या दंडकासकट.

विश्वेश माझ्याकडे बघत राहिला. “रायर, तुम्ही? रंगावर लावला असता तर देव रागावला असता का?”



“आणि चाचणी? ती तरी सकाळी का नाही झाली?” त्याने गोदाला विचारलं. मग स्वतःच थांबला. सातच्या आधी प्रेस कुणी चालू करायला लावली, हे त्याच्याही लक्षात आलं असावं. त्याने टाईप केलेलं सगळं पुसलं आणि पुन्हा सुरुवात केली. त्यात तिघांचीही नावं आली, त्याचं स्वतःचंही. त्या मुलाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. मला महिनाअखेर निवृत्त व्हायला सांगितलं, ते योग्यच झालं. गोदाला डिसेंबरात पत्र मिळालं.

त्या संध्याकाळी व्हॅनमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही, पुढच्या सीटवर बसली. वडपळनीच्या सिग्नलला व्हॅन थांबली तेव्हा मागे न वळता म्हणाली, “मामा, सकाळी मी विचारलं होतं.”

“होय.”

“टिळ्याचं मला काही नाही. कोणालाही वाटलं असतं तसं. पण साडेनऊला मी विचारलं होतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “प्रेसच्या काउंटरवर बघितलं मी. साडेनऊपासून थांबवेपर्यंत चारशे एकाहत्तर स्ट्रोक.”

व्हॅन पुढे निघाली तरी ती मागे वळली नाही.

“साहेबाला सांगितलंत. अलमेलूला कोण सांगणार?”

“तू सांग,” मी म्हणालो.

“नाही. तुम्ही.”

मला त्याला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी चार नंबरपाशी गेलो. प्रेस सुट्टीपुरती कुलूप घालून बंद होती, नवे बोल्ट बसले होते, गोदा पलीकडे आकड्यांच्या डब्याशी वही घेऊन बसली होती. अलमेलू डबा धुऊन हात पुसत होती. मी तिला सांगितलं. टिळ्याचं, आणि साडेनऊला गप्प बसल्याचं. तिला टिळ्याचं आधीच कळलं होतं, सगळ्या कारखान्याला कळलं होतं. दुसरं माहीत नव्हतं.

तिने आधी माझ्याकडे आणि मग गोदाकडे बघितलं. “साहेबांना सांगायला त्याच दिवशी धीर आला,” ती म्हणाली, “मला सांगायला दोन दिवस लागले होय, रायर?”

“हो.”

“या इकडे.”

तिने गोदाला प्रेसकडे खूण केली. गोदाने मेनचं कुलूप ओढून बघितलं, खिशातली किल्ली चाचपली, आत टेकण घातलं आणि बाजूला झाली. अलमेलूने माझं मनगट धरलं. तिचा पंजा माझ्यापेक्षा मोठा आहे आणि पकड फिटरसारखी. तिने माझा हात वरच्या आणि खालच्या डायच्या मध्ये, पत्रा जिथे ठेवतात तिथे, सपाट दाबून धरला.

“इथं,” ती म्हणाली. “इथं असतो माझा हात.”

सकाळपासून चाललेलं लोखंड कोमट होतं आणि तेलाने बुळबुळीत. माझ्या बोटांच्या वर वीतभर अंतरावर वरची डाय दिसत होती. टेकण आहे, कुलूप आहे, किल्ली गोदाच्या खिशात आहे, हे मी मनात मोजत होतो. अलमेलूने हात सोडला नाही. शेडमध्ये कुणीतरी जेवणाच्या डब्याचं झाकण लावल्याचा आवाज झाला आणि माझं सगळं अंग उडालं.

मी गोदाकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मध्ये पडायची तिला काही घाई नव्हती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “पोदुम, अक्का. पुरे आता. सुट्टी संपत आली.”

अलमेलूने मनगट सोडलं. गोदाने बटणांचं फडकं नव्हे, तेलाचं फडकं माझ्या हातात दिलं, आणि मी बोटं पुसेपर्यंत थांबून, मगच टेकण आणि कुलूप काढलं.